कार्डावरची दोन माणसं

सरकारी कागदावर माझ्या हातून खोटी नोंद झाली ती आयुष्यात एकदाच, आणि तीही सुट्टीत. नोकरीत असताना झाली असती तर निदान रीतसर चौकशी तरी लागली असती. पण मी तेव्हा निवृत्त माणूस होतो, मुलाकडे आराम करायला आलेलो होतो, आणि आराम करणाऱ्या माणसाची चौकशी कोणी करत नाही. कुठल्याच अर्थाने करत नाही.

नंदूचं पत्र आलं होतं. 'अप्पा, निफाडच्या थंडीत एकटे राहू नका. पंधरा दिवस अंधेरीला या. इथे हवा उबदार आहे, समुद्र जवळ आहे, नुसता आराम करा.' नंदू म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. पत्राच्या तळाशी सूनबाईच्या, म्हणजे नलिनीच्या अक्षरात 'नक्की या' असं होतं. मी दोन स्वेटर, एक मफलर, एक कानटोपी आणि जाडजूड गोधडी घेऊन निघालो. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. निफाडला त्या पहाटे तोंड धुताना दात आपापसात भांडत होते. अंधेरीला पोचलो तर चिरंजीव बनियनवर पंख्याखाली बसलेले. गोधडी पलंगाखाली गेली ती परत निघायच्या दिवशीच बाहेर आली. मफलर मात्र मी सोडला नाही. माणसानं कुठल्या तरी एका बाबतीत ठाम राहावं.

आराम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू झाला. त्या वेळी नंदू मरोळच्या कारखान्यात जायला निघाला. साडेआठला नलिनी सांताक्रूझच्या बँकेत गेली. जाताना तिने डबा दाखवला, चहाचं सामान दाखवलं आणि म्हणाली, "अप्पा, काही करू नका हं. मस्त आराम करा." दोघं परत येणार संध्याकाळी सातला. मधले साडेदहा तास आरामाचे. एवढा आराम मला एकदम कधीच मिळाला नव्हता आणि त्याचं करायचं काय, याच्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या. मी पेपर वाचला. मग त्यातल्या टेंडर नोटिसा वाचल्या. मग खिडकीशी उभा राहून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे पाहिले. तिसऱ्या दिवशी कुठला शर्ट कुठल्या खिडकीतला हे मला पाठ झालं होतं आणि घड्याळात अजून अकराच वाजले होते.

अकराला सरूबाई यायची. वेसाव्याची कोळीण, डोक्यावर पाटी, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. मी मासे खात नाही. तरी रोज दार उघडून पापलेटाचा भाव विचारायचो, कारण दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. तिला ते दुसऱ्याच दिवशी कळलं.

"बाबा, तुला घ्यायचा तं नाय काय," ती पाटी खाली ठेवून म्हणाली. "बस, बोल. दर्या बघलास का?"

"रविवारी नेणार आहे मुलगा."

रविवारी नंदूला ओव्हरटाइम लागला. 'पुढच्या रविवारी नक्की,' तो म्हणाला. सोमवारी सरूबाईला सांगितलं तर ती हसली. "दर्या काय पलून नाय जात."

पळून जात नाही, हे मीही छत्तीस वर्षं म्हणत आलो होतो. माझी बायको जानकी. तिला एकदा समुद्र पाहायचा होता. तिची एवढी एकच मागणी होती असं म्हणणार नाही, मागण्या पुष्कळ होत्या. पण बाकीच्या कधी ना कधी पुऱ्या झाल्या. दर वर्षी मी म्हणायचो, मार्चअखेर होऊ दे. मग म्हणायचो, निवृत्त होऊ दे. जूनमध्ये निवृत्त झालो आणि त्याच वर्षी आषाढात ती गेली. त्याला दीड वर्ष झालं होतं.

आता रेशनकार्डाची गोष्ट सांगायला हवी. मी तहसील कचेरीत पुरवठा शाखेत चौतीस वर्षं काढली. साखर, रॉकेल, शिधापत्रिका हेच माझं आयुष्य. 'मयताचं नाव पंधरा दिवसांत कमी करून घ्या' असं मी किमान हजार लोकांना ठणकावून सांगितलं असेल. आणि माझ्या स्वतःच्या कार्डावर दीड वर्षानंतरही दोन माणसं होती. तिच्या वाट्याची साखर मी एकदाही उचलली नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो. पण नाव कमी करायला दर महिन्याला निघायचो आणि कचेरीच्या पायरीवरून काहीतरी आठवून परत यायचो. एकदा छत्री आठवली. तेव्हा उन्हाळा होता.

तर मंगळवारी सकाळी घाईघाईत चहा करताना नलिनी डबा हलवून म्हणाली, "अगं बाई, साखर संपत आली वाटतं." एवढंच. पण मी दिवसाला चार कप चहा पिणारा माणूस. त्यातून पुरवठा शाखेचा. माझ्या मुलाच्या घरात माझ्यामुळे साखर संपावी हे मला फार लागलं. ते दोघं गेल्यावर मी जिन्यात उभा राहिलो. शेजारचे काशीराम नुकतेच घरी आले होते. पूर्वी गिरणीत होते. संपानंतर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात रात्रपाळीला राखण करत होते आणि दिवसा सगळ्या इमारतीला सल्ले देत होते.

"माझा ऐका," ते म्हणाले. "पाहुण्यांचा तात्पुरता कार्ड मिळता. पंधरा दिवसांचा. साखर मिळतली, रॉकेलसुद्धा मिळतला. तुमी तर त्या खात्यातले. तुमका कोण अडवतलो?"

मला कोण अडवणार, असं मलाही वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर मला साडेदहा तासांसाठी काहीतरी काम हवं होतं. निफाडचं कार्ड माझ्या पिशवीत होतंच. प्रवासात मी कार्ड, गीता आणि हिंगाष्टक बरोबर ठेवतो.

रेशन ऑफिसात चार खिडक्या होत्या. चौथीपुढे दीड तास उभा राहिलो. आतला कारकून पोरसवदा होता आणि त्या वेळी कुणाच्या तरी कार्डावरचं नाव खोडत होता. कसं खोडत होता! पेनाने गोल गोल गिरवून, कागदाला भोक पडेपर्यंत. माझ्याने राहवलं नाही.

"अहो, असं खोडतात का? एकच आडवी रेघ मारायची. खालचं नाव वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख. हा नियम आहे."

त्याने वर पाहिलं. "आजोबा, मेलेल्या माणसाचं नाव वाचून कुणाला काय करायचंय?"

मी म्हणालो, "मी स्वतः पुरवठा शाखेत चौतीस वर्षं होतो."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल," तो म्हणाला. "उद्या या."

उद्या गेलो तर सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र हवं होतं, मी खरोखरच पाहुणा असल्याचं. सेक्रेटरी रात्री जेवणाच्या वेळी सापडले. त्यांनी मला दारातच उभं करून पाण्याचं विचारलं. पंधरा दिवसांत मी किती बादल्या वापरणार? मी थंड प्रदेशातला माणूस, फार आंघोळीचा नाही, असं आश्वासन दिल्यावर पत्र मिळालं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं खालच्या पातळीवर कधी उतरलो नव्हतो. त्याच्या पुढच्या दिवशी नंदूचं पत्र हवं होतं, मी त्याचा बाप असल्याचं. त्याने ते सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता लिहून दिलं. 'सदर इसम माझे वडील असून सध्या माझ्याकडे राहतात.' ऑफिसात जाताना बसमध्ये मी ते वाक्य तीनदा वाचलं. आल्यापासून तो माझ्याबद्दल एवढं सलग काही बोलला नव्हता.

मग अर्ज. माझ्या हातात सरकारी फॉर्म आला की मी वेगळा माणूस होतो. पाठ ताठ होते, अक्षर वळणावर येतं. रकाना सहा होता: 'पाहुण्यांची नावे, मूळ शिधापत्रिकेतील नोंदीप्रमाणे.' नोंदीप्रमाणे म्हणजे नोंदीप्रमाणे. कार्ड समोर ठेवायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं, डोकं वापरायचं नाही, हे मी प्रत्येक नव्या कारकुनाला शिकवलं होतं. मीही वापरलं नाही. माझं नाव लिहिलं. खाली तिचं लिहिलं. जानकी, वय छप्पन्न, नातं पत्नी. एकूण व्यक्ती दोन. सही केली, अर्ज आत सरकवला, कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, "इन्स्पेक्टर घरी येऊन बघून जाईल."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. तिथेच उभा राहिलो. मागे वळायला हवं होतं. चौथ्या खिडकीची रांग आता रस्त्यापर्यंत आली होती, हे कारण मी स्वतःला दिलं. पण दुसरी गोष्टही होती, ती सांगून टाकतो. दीड वर्षात तिचं नाव मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि ते माझ्या नावाखाली बरं दिसत होतं.

इन्स्पेक्टर येईल तेव्हा खरं सांगायचं असं मी ठरवलं. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. त्यातल्या रविवारी नंदूला पुन्हा ओव्हरटाइम लागला, तेव्हा समुद्रही राहिलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी दाढीचं ब्लेड आणायला वीस मिनिटं खाली उतरलो आणि इन्स्पेक्टर त्याच वीस मिनिटांत येऊन गेला. परत आलो तर काशीराम जिन्यात उभे, चेहरा कामगिरी फत्ते केल्याचा.

"तुमचा काम झाला!" ते म्हणाले. "सायब इलो हुतो. विचारीत हुतो, पाहुणे दोगा खंय? मी बघलंय, कागदावर दोन नावा. म्हटलं, मदत करूक होयी. सांगितलंय, दोगा समुद्र बघूक गेलीत. आता येतली."

"अहो काशीराम, पण माझी बायको..."

"तां माका कशाक सांगतास? कार्ड मिळाल्याशी कारण. शेजारी कशाक असतत मगे?"

मी आत जाऊन खुर्चीत बसलो. शेजारी नेमके कशासाठी असतात याचा विचार केला. मग चहा टाकला. डब्यात साखर उरली नव्हती, तेव्हा बिनसाखरेचा प्यालो.

पुढच्या मंगळवारी कार्ड घ्यायला गेलो ते खरं सांगायच्या तयारीनेच. या वेळी आतल्या खोलीत बोलावलं. टेबलामागे अधिकारी बाई होत्या, चष्मा लावलेल्या, मध्यमवयीन. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांच्यापुढे माझी फाइल उघडी होती. मला एक कला येते. समोरच्या टेबलावरचा कागद मी उलट्या बाजूने सुलट्यासारखा वाचतो. चौतीस वर्षं साहेबांपुढे उभं राहिलं की येते. इन्स्पेक्टरचा शेरा होता: 'समक्ष भेट दिली. पाहुणे घरी आढळले नाहीत. शेजाऱ्यांकडून समजले की, दोघेही समुद्र पाहण्यास गेले आहेत.'

खाली सही, तारीख, शिक्का.

मी चौतीस वर्षं सरकारी शेरे वाचले. त्यातले निम्मे खोटे असतात हे मला माहीत आहे. पण असा शेरा मी वाचला नव्हता. जानकी अंधेरीला आली होती. माझ्याबरोबर घराबाहेर पडली होती. मी घरात बसून टेंडर नोटिसा वाचत होतो आणि कागदावर आम्ही दोघं समुद्रावर गेलो होतो. ते चूक आहे, खोटं आहे, असं मी तोंडाने म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. मॅडम म्हणाल्या, "काही शंका?" मी म्हणालो, "नाही." आणि कार्ड घेऊन आलो.

रेशन दुकानात मी एकाच माणसाची साखर मागितली. दुकानदाराने मला आणि कार्डाला आळीपाळीने पाहिलं. जास्त मागणारे त्याने रोज पाहिले होते. कमी मागणारा हा पहिलाच. "काका, दो आदमी है ना? पूरा ले जाव. आधा छोड के जाते तो लोग बोलेंगे मैंने खाया." रांगेतली माणसं माझ्याकडे संशयाने पाहू लागली. मला दोघांची साखर घ्यावी लागली. दीड वर्ष जपलेली गोष्ट अशी पाच मिनिटांत गेली.

संध्याकाळी नलिनी डब्यात साखर ओतत होती. डबा भरला तरी पिशवीत उरलीच. "अप्पा, एका माणसाची एवढी मिळते?"

मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. मग म्हणाली, "आई या घरात कधी आल्याच नाहीत, ना?"

"नाही," मी म्हणालो. "येणार होती."

तेवढ्यात नंदू आला आणि त्याने कार्ड पाहिलं. तो डोक्याला हात लावूनच बसला. "अप्पा, काय हे! चार वर्षांनी गॅसचा नंबर लागलाय. याच आठवड्यात आपलं कार्ड तपासायला जायचंय. माझ्या पत्त्यावर, माझ्या पत्रावर खोटं नाव निघालं तर कार्ड जप्त. मग गॅस गेला, वाट लागली सगळी! तुम्ही आराम करायला आला होतात ना?"

"आरामच करत होतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "बारा दिवस आरामच करतोय! भिंतीशी, खिडकीशी, त्या समोरच्या शर्टांशी! मला नाही जमत तो. तिच्याशिवाय मला निफाडलाही जमत नाही, पण तिथे निदान भिंती ओळखीच्या आहेत."

एवढं मी बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं. मफलर गळ्याशी टोचत होता, तो मी काढून बाजूला ठेवला आणि मग काय करावं ते न कळून परत गुंडाळला.

"उद्या मी रजा टाकते," नलिनी म्हणाली. "अप्पा, आपण दोघं जाऊन ते दुरुस्त करून घेऊ. आणि तिथूनच समुद्रावर जाऊ. रविवारची वाट कशाला बघायची?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती माझ्या शेजारी रांगेत उभी होती. रांगेत शेजारी कोणी असलं की रांग लहान होते. चौथ्या खिडकीवर मी सगळं सांगितलं. पोरसवदा कारकून गंभीर झाला, तात्पुरतं कार्ड रद्द केलं, मग माझं निफाडचं मूळ कार्ड पुढे ओढलं. "हे इथे नाही कमी होत, तिकडे होईल. पण मयत म्हणून खूण करून देतो," म्हणाला, आणि तिच्या नावावर पेन टेकवून गोल गोल गिरवायला सुरुवात केली.

"थांबा!"

अख्खी रांग हलली. नलिनीने माझा दंड धरला. मी खिडकीच्या गजातून हात घालून कार्डाचं दुसरं टोक पकडलं होतं.

"एकच रेघ!" मी ओरडलो. "नियम आहे! खालचं नाव वाचता आलं पाहिजे! तुम्ही मला त्या दिवशी विचारलंत ना, वाचून कुणाला काय करायचंय? मला करायचंय! मला वाचायचंय!"

मागून कोणी तरी म्हणालं, "काका, जाने दो ना यार." मी जाऊ दिलं नाही. कारकून ओढत होता, मी ओढत होतो आणि कार्ड फाटणार, तेवढ्यात आतून मॅडम आल्या. त्यांनी कार्ड सोडवून घेतलं, मला आणि नलिनीला आत नेलं, तिला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. मी नियम सांगितला. मग बाकीचंही सांगितलं. मार्चअखेर, निवृत्ती, आषाढ. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "रेघ एकच." त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली आणि कार्ड, पट्टी, पेन माझ्यापुढे ठेवलं. "तुम्हीच मारा. मी सही करते."

कारकुनाने पेन टेकवला होता तिथे 'जा'च्या कडेला एक लहानसं वेटोळं राहिलं होतं. मी पट्टी नीट लावली. पट्टी धरायला नलिनीने बोट टेकवलं. मी रेघ मारली. शेजारी 'मयत' लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. मॅडमनी सही केली, तारीख घातली.

मग त्यांनी फाइल उघडली. "हाही शेरा रद्द करावा लागेल," म्हणाल्या, आणि पट्टी इन्स्पेक्टरच्या ओळीवर ठेवली. त्यांनी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच बारीक रेघ ओढली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फाइल माझ्याकडे फिरवू लागल्या.

"बघा आजोबा, वाचता येतंय का?"

फिरवायची गरज नव्हती. मला उलट्या बाजूनेही दिसत होतं. दोघेही समुद्र पाहण्यास गेले आहेत.

"येतंय," मी म्हणालो.